चतुःसीमा

माझ्या हातच्या कागदावर चौतीस वर्षांत एकदाही खाडाखोड झाली नाही. तलाठी म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, आणि मधल्या काळात माझ्या टेबलावरून गेलेला एकही कागद 'त्रुटी' असा शेरा घेऊन परत आला नाही. लोक देवाला भितात, मी त्रुटीला भ्यायचो. आता वाटतं, देवालाच भ्यायला हवं होतं. तो निदान कधीतरी माफ करतो म्हणे.

याचं श्रेय, खरं तर खापरच, मौलवीसाहेबांच्या माथी. पोलिस ॲक्शनच्या आधी आमच्याकडं शिक्षण उर्दूतून होतं. वडील निजामाच्या तहसिलीत पेशकार, त्यामुळं पोरगा अर्जी लिहिण्यात तयार व्हावा म्हणून त्यांनी घरी शिकवणी लावली होती. मौलवीसाहेब म्हणायचे, "अर्जी ऐसी लिखो मियाँ, के हाकिम कू सवाल पूछने की जगाच नको रहना." पुढं निजाम गेला, उर्दू गेली, मौलवीसाहेबही गेले. हे वाक्य तेवढं माझ्या बोकांडी बसून राहिलं.

माझी बायको अनसूया या सवयीची फार टिंगल करायची. किराण्याची यादी करतानाही मी लिहायचो, 'साखर एक किलो, जाड, मागील खेपेस आणली तशीच.' ती म्हणायची, "अहो, वाण्याला चतुःसीमा पण लिहून द्या. पूर्वेस गूळ, पश्चिमेस शेंगदाणे." चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी अंगांना काय काय आहे त्याचं वर्णन. तलाठ्याच्या बायकोला ते शब्द पोळपाट-लाटण्याइतके ओळखीचे असतात.

तिला आजार लागला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. आधी एका डोळ्याचं दिसणं महिनाभर अंधूक झालं आणि परत आलं. मग पाय बधिर व्हायला लागले. चालताना चप्पल मागं राहून जायची आणि हिला पत्ता नसायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजत जातं, म्हणाले. बरं होत नाही, हेही म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बारा वर्षं झाली त्याला. शेवटच्या तीन-चार वर्षांत तिचे पाय आखडायला लागले. बसल्या बसल्या गुडघे पोटाशी ओढले जायचे, पोटऱ्या लाकडासारख्या टणक व्हायच्या, आणि ती उशीचा कोपरा दातात धरायची. मी पायांवर सगळा भार टाकून ते सरळ करायचो. साठीचा म्हातारा बायकोच्या गुडघ्यांशी झटापट करतोय, हे चित्र आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत दिवसातून चार-पाच वेळा दिसायचं. गोळ्या होत्या, पण त्यांनी ती मानसुद्धा टाकायची. घेतल्या तर अंगात त्राण नाही, नाही घेतल्या तर हे असं. चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरता येईना. वेणी मी घालायचो. "तुम्ही वेणी घालताय की दावं वळताय?" असं विचारायची. मग एके दिवशी तिनं विचारणं सोडून दिलं. वेणी कशीही घातली तरी गप्प. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

पुंजाराम आला तो त्याच साली, संक्रांतीला. कन्नड तालुक्यात आंबेखोरी नावाचं गाव आहे, तिथं मी सहा वर्षं तलाठी होतो. मोजणीला गेलो की साखळीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं पुंजारामच्या. त्याच्या बांधावर एक थोरली चिंच होती. तिच्याखाली बसून आम्ही त्याच्या बायकोच्या हातची भाकरी खायचो. मी बामण असून तिच्या घरचं खातो याचं साळूबाईला फार कौतुक होतं. बदली झाल्यावरही पुंजाराम दरवर्षी शेंगा नाहीतर हुरडा घेऊन यायचा. 'भाऊसाहेबाचा कागद वाया जात नाय' असं गावभर सांगणारा तो एकटाच माणूस. सरकारनं मला कधी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नाही.

त्या दिवशी तो दारात उभा असतानाच अनसूयेचे पाय आखडले. त्यानं पिशवी खाली टाकली, पुढं झाला आणि दुसरा पाय धरला. साखळीचं दुसरं टोक धरावं तसा. झटका ओसरल्यावर तो भिंतीला टेकून बसला.

"भाऊसाहेब, रागावनार नसाल तर येक सांगतो," तो म्हणाला. "गांजाचा पाला तुपात कडवून देतेत. आमच्या बैलाच्या पायाला असंच व्हायचं. साळूच्या मायला पन दिलं व्हतं, कंबरंला."

मी रागावलोच. दुष्काळाच्या आदल्या साली त्याच गावात तुरीत लावलेल्या गांजाचा पंचनामा मी स्वतः केला होता, आणि पंच म्हणून त्यावर याच गृहस्थाचा अंगठा होता. "तू मला काय सांगतोयस, कळतंय का तुला?" मी ओरडलो.

पलंगावरून अनसूयेचा आवाज आला, "बैलाला चालतं तर मला का नको? औत ओढायला लावू नका म्हणजे झालं."

कित्येक महिन्यांनी तिनं थट्टा केली होती. माझा राग तिथंच गळाला.

पुढच्या आठवड्यात साळूबाई तूप घेऊन आली. पाला चार पाण्यांनी धुवायचा, दुधात उकळायचा, त्या दुधाचं दही लावायचं, ताक घुसळायचं आणि लोणी कढवायचं. हिरवट, उग्र वासाचं तूप. "हरबऱ्याच्या डाळीएवढं, जास्ती नाय," असं तिनं बोटावर घेऊन दाखवलं. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता अनसूयेनं मला हाक मारली. पाय सरळ होते, सैल होते, आणि तिनं हातात कप धरला होता. एका हातात.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. ती चालायला लागली नाही, आजार हटला नाही. झटके दिवसाला पाचाचे एकावर आले, आणि झोप लागायला लागली, एवढंच. पण त्या 'एवढंच'मध्ये काय काय मावतं हे निरोगी माणसाला सांगून कळायचं नाही. ती उशीला टेकून बसायला लागली. मटार सोलायला लागली. एक दिवस म्हणाली, "पत्ते काढा." आम्ही गड्डा झब्बू खेळायचो आणि ती सरळ सरळ लबाडी करायची. पानं गोधडीखाली सरकवायची, मी पकडलं की म्हणायची, "आजारी बाईवर आळ घेता?" पुंजाराम आला की तिसरा भिडू व्हायचा आणि कायम हरायचा. मला आयुष्यात हरायला आवडलं ते त्या आठ महिन्यांत.

क्रांती चौकातल्या आमच्या डॉक्टरांना मी खरं ते सांगून टाकलं. लपवणं मला जमत नाही. त्यांनी तिचे पाय वाकवून पाहिले, चष्मा काढला आणि एका दमात म्हणाले, "मी काही ऐकलं नाही, आणि चालू ठेवा." मी म्हटलं, मग तसं चिठ्ठीवर लिहून द्या. ते इतके हसले की बाहेरचा पेशंट आत डोकावला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

भाद्रपदात पुंजाराम आला तो हसतच. कन्नडच्या स्टँडवर पोलिस पिशव्या तपासत होते, आणि याच्या पिशवीत तुपाचा डबा. "म्या म्हनलं, साहेब, बहिनीच्या बाळतपनाचं तूप हाये. त्यानं वास घेतला आन तोंड वाकडं केलं!" तो आणि अनसूया पोट धरून हसत होते. मला मात्र हसू येईना. हा माणूस आपल्यासाठी दर महिन्याला तुरुंग काखोटीला मारून एसटीत बसतो, हे मला तोवर असं लख्ख दिसलं नव्हतं. उद्या पकडला गेला तर? आणि अनसूयेचं काय?

मग मी माझ्या जन्मात जे एकच करत आलो तेच केलं. कागद पुढ्यात ओढला.

अर्ज करायचा आणि परवानगी मागायची. आपल्या अंगणात दोन झाडं, सरकारच्या देखरेखीखाली, फक्त औषधापुरती. पानं मोजून घ्या म्हणावं, वाटलं तर रोज शिपाई पाठवा. परवानगी मिळाली की पुंजारामला काही आणायलाच नको. मला ते इतकं सरळ वाटत होतं की आधी का सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. अनसूयेला सांगितलं नाही. तिनं थट्टेवारी नेलं असतं.

पाच पानी अर्ज झाला. आजाराचा इतिहास, डॉक्टरांचे कागद, तूप घेण्याआधीचे आणि नंतरचे झटके तारीखवार. हाकिमाला सवाल विचारायला जागा राहू नये. मग मनात आलं, तो विचारणारच, की आजवर औषध आणलं कुठून? तेवढ्यावरून अर्ज परत येईल. म्हणून मी लिहिलं: 'सदर वनस्पती मौजे आंबेखोरी येथील पुंजाराम दगडू यांचेकडून प्राप्त झाली असून, सदर इसम अत्यंत सचोटीचा आहे व त्याने केवळ माणुसकीपोटी हे केले आहे.' त्यापुढं गट नंबर एकशे बारा. आणि गट नंबर लिहिल्यावर माझा हात थांबेना. पूर्वेस सांडू कचरू यांचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट व जुने चिंचेचे झाड, दक्षिणेस सामाईक विहीर. झाडं विहिरीपासून वीस पावलांवर तुरीच्या पाटात आहेत हे पुंजारामनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. तेही लिहिलं. खाली सही केली आणि प्रती माहितीसाठी आणखी तीन कार्यालयांना.

कचेरीत आवक टेबलावर बद्रीनाथ बसतो. वीस वर्षं माझ्या हाताखाली होता, आता त्याचीही निवृत्ती जवळ आली. त्यानं अर्ज वाचला. परत पहिल्या पानावर गेला आणि परत वाचला. मग इकडंतिकडं बघून तो माझ्याकडं सरकवला.

"अण्णा, हे घरी घेऊन जा."

"का? तिकीट लावलंय."

"तिकिटाचं नाय म्हनत मी. जाळून टाका हे. तुमच्या पाया पडतो."

"बद्रीनाथ," मी म्हणालो, आणि आवाज चढला हे मला आजही आठवतं, "आवक नंबर टाक. कागद अडवायचा तुला अधिकार नाही. मी शिकवलंय ना तुला?"

त्यानं नंबर टाकला. चारही प्रतींवर. शिक्का मारताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी पोच घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि येताना अनसूयेसाठी पेरू आणले.

सोळा दिवसांनी फौजदार घरी आले. अदबीनं वागले, बूट बाहेर काढले, मला काका म्हणाले. आंबेखोरीत धाड पडली होती. विहिरीपासून वीस पावलांवर तुरीच्या पाटात पाच झाडं, मुळासकट उपटली. पुंजाराम हर्सूलच्या तुरुंगात. कायदा पंच्याऐंशी सालचा आहे, त्यात जामीन लवकर होत नाही, असं त्यांनीच सांगितलं. मग मला म्हणाले, "काका, तुमच्या जबाबावर सही लागेल. तुम्ही खबर देणारे ना."

मला आधी शब्दच कळला नाही. मी म्हणालो, मी खबर दिली नाही, मी परवानगी मागितली. ते म्हणाले, तेच. मी म्हणालो, तूप माझ्या घरात आहे, माझी बायको खाते, मग मलाही धरा. मी भरणी आणून त्यांच्या पुढ्यात आदळली. त्यांनी भरणीकडं पाहिलं, पलंगाकडं पाहिलं, आणि बूट घालता घालता म्हणाले, "मला काही दिसलं नाही काका. आत ठेवा."

डॉक्टरांना काही ऐकू आलं नव्हतं, यांना काही दिसलं नव्हतं. सगळ्यांनी डोळे झाकून माझ्यावर उपकार केले. डोळे उघडे ठेवून लिहिलेला कागद तेवढा पुंजारामच्या वाट्याला आला. मी दोनदा ठाण्यात जाऊन आलो. अर्ज मागे घेतो म्हणालो, तर आलेला कागद परत जात नाही म्हणाले. हे तर मीच लोकांना सांगत आलो होतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं.

अनसूयेनं सगळं ऐकलं होतं.   तिनं तूप बंद केलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी असा झटका आला की तिनं ओठ फोडून घेतला. मग तिनंच भरणीकडं बोट केलं. मी तिच्या जिभेवर तूप लावलं आणि ती ते गिळता गिळता रडायला लागली. "तो तिकडं आणि मी इकडं चाटतेय," म्हणाली. मी तिचे पाय चोळत बसलो. दुसरं काय करणार होतो? भरणी दिवाळीपर्यंत पुरली. ती संपल्यावर उशीचा कोपरा परत तिच्या दातात गेला. पत्त्यांचा जोड खिडकीत पडून राहिला. त्याच आठवड्यात माझ्या अर्जाचं उत्तर आलं, की सदर मागणी या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

साळूबाई आली ती कार्तिकात, दुपारची. पदराखाली पिठाचा डबा. ती आली तेव्हा अनसूयेचे पाय पोटाशी होते आणि मी त्यांवर ओणवा होतो. साळूबाई पुढं झाली आणि तिनं दुसरा पाय धरला.

झटका ओसरला. मी पाणी दिलं. साळूबाईनं पिशवीतून कागद काढले.

"वकिलानं दिलेत. तुमच्याबिगर कुनाला वाचाया सांगू? धाडीचा पंचनामा हाये म्हनला. बगा बरं, पोलिसाला कुनी सांगितलं त्याचं नाव लिव्हलंय का त्याच्यात."

तिला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी चष्मा लावला. दुसऱ्याच ओळीत होतं, 'श्री. व्यंकटराव लासूरकर, निवृत्त अव्वल कारकून, यांनी दिलेल्या लेखी माहितीवरून.' अनसूया पलंगावरून माझ्याकडं बघत होती.

"नाव..." मी म्हणालो, "नाव नाही लिहिलेलं."

चौतीस वर्षांत मी कुणाला कागद वाचून दाखवताना एक शब्द गाळला नव्हता. ती ओळ मी गाळली.

"मला ठावं व्हतं," साळूबाई म्हणाली. "त्यो सांडू लई हुशार, नाव येऊ दिलं नाय. आमच्याच बांधाचा, पन मागून वार करनारा. म्या त्याचं विहिरीचं पानी तोडलंय. गहू वाळून जाऊ दे म्हनावं." आणि मग, "पुढं काय लिव्हलंय? समदं वाचा."

सांडूचा गहू वाळत होता आणि मी गप्प बसलो. हेही मी केलं. मला वाटलं, भराभर वाचून संपवावं. मी वाचायला लागलो. 'पूर्वेस सांडू कचरू यांचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट व जुने चिंचेचे झाड...' पंचनामा करणाऱ्यानं माझा अर्ज समोर ठेवून शब्दाला शब्द उतरवला होता. जागेवर उभं राहून चतुःसीमा कोण बघतो? अक्षर तेवढं दुसऱ्याचं.

"थांबा," साळूबाई म्हणाली. "काय झाड म्हनले?"

"चिंचेचं. जुनं."

"चिंच कुठं हाये आता? ती तीन सालामागं वाऱ्या-वावधानात पडली. तिचं सरपन बी जळून गेलं." ती बोलता बोलता विचार करत होती, तिच्या कपाळावर ते दिसत होतं. "सांडूला तर रोज दिसतंय चिंच नाय म्हून. त्यो कामून सांगंल चिंच? चिंच ज्याच्या ध्यानात हाये, त्यो मानूस लई दिसात गावाकडं आलेला नाय."



त्या चिंचेखाली तिनं मला सहा वर्षं भाकरी वाढली होती. मी मान खाली घातली. 

"माझं नाव आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या ओळीत. मी परवानगीचा अर्ज केला होता, साळूबाई. पुंजारामला त्रास होऊ नये म्हणून केला होता."

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. अनसूयेला विचारलं, "वैनी, तुमाला ठावं व्हतं?"

"पोलिस आले तेव्हा कळलं," अनसूया म्हणाली, आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

साळूबाईनं माझ्या हातातले कागद काढून घेतले, नीट घडी घातली, पिशवीत ठेवले. पिठाचा डबा उचलला आणि दारापर्यंत गेली. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मी वाट बघत होतो. खरं तर मी त्याची आशाच करत होतो. तेवढ्यात अनसूयेचे पाय परत आखडले, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून साळूबाई दारातून वळली.

ती पलंगाशी बसली. डब्यातल्या पिठात हात घालून तिनं एक लहान डबी काढली, फडक्यात गुंडाळलेली. बोटावर डाळीएवढं तूप घेतलं आणि अनसूयेच्या जिभेवर लावलं.

"हर्सूलला भेटीला गेले व्हते तव्हा ह्यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "म्हनले, वैनीचं तूप संपलं आसंल. वळचनीला थोडा पाला ऱ्हायला व्हता, त्याचं केलं. आता नाय काय. झाडंच नायती."

 अनसूयेचे गुडघे हळूहळू खाली आले. साळूबाई तिच्या पायावरून हात फिरवत होती आणि मी माझ्याच घरात कुठं उभं राहावं ते मला समजत नव्हतं.

साळूबाई भिंतीकडं बघत बोलली. "वकील म्हनतो, घरच्याचा अर्ज पायजे. मानूस साठीचा हाये, दमा हाये, घरी करनारं कोन नाय, आसं समदं. ह्ये म्हनले, भाऊसाहेबाकडून लिहून घे. त्यांचा कागद वाया जात नाय."

"त्याला माहीत नाही?"

"नाय. आन म्या सांगनार पन नाय. तिथं त्याला येवढंच बरं वाटतंय." ती थोडी थांबली. "सांडूचं पानी आज जोडून देते. लिहा तुमी. पन येक येक वळ वाचून दावा."

मी लिहायचा पाट मांडीवर घेतला. लिहीत गेलो आणि शाळेतल्या पोरासारखा ओळ ओळ वाचून दाखवत गेलो. ती प्रत्येक ओळीला मान हलवायची, मग मी पुढं जायचो. 'अर्जदार साळूबाई पुंजाराम, राहणार मौजे आंबेखोरी, तालुका कन्नड, गट नंबर एकशे बारा, पूर्वेस...'

"त्ये कशाला?" साळूबाई म्हणाली.

माझं मलाच कळलं नव्हतं. हात आपोआप गेला होता.

"ते नको," पलंगावरून अनसूया म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि आवाज सैल, झोपेत शिरत असलेला. "तेवढं खोडा."

मी गट नंबरापासून पूर्वेपर्यंत आडवी रेघ मारली. मग साळूबाईनं बोट ठेवून दाखवलं म्हणून त्यावरून आणखी एक मारली. खाली तिचा अंगठा घेतला. डबीतलं तूप वीस दिवस पुरेल.